सरंगे कोणी खाल्ले?

"मासळीवाले मागच्या दारानं," गडी म्हणाला.

मी कोट घातला होता. टाय होता. पायात पॉलिश केलेले बूट होते. आणि हातात टोपली, वर केळीचं पान. गड्यानं टोपली पाहिली, कोट पाहिला नाही. त्याचा राग नाही मला. त्याला जे शिकवलं ते तो बोलला.

राग आहे तो त्याच्या मागे व्हरांड्यात झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचा. आमच्या कॉलेजच्या संस्थेचे चेअरमन. अंधेरीतला त्यांचा बंगला. मला नावानिशी ओळखत होते. त्यांनी गड्याचं बोलणं ऐकलं, वर्तमानपत्र जरा खाली केलं, हसले.

"प्रोफेसर, टोपली तेवढी मागून देऊन या. मग या पुढून."

आणि मी गेलो. हे सांगताना आजही कानशिलं तापतात, पण गेलो. बंगल्याला वळसा घालून, मोरीचं पाणी चुकवत, बूट सांभाळत. स्वयंपाकीणबाईंनी पान उचलून बघितलं. "किती झाले?" म्हणाल्या. मी म्हटलं, पैसे नकोत, वानवळा आहे. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारीपण या."

रिकामी टोपली फाटकाजवळच्या झाडात लपवली आणि पुढच्या दारानं प्रोफेसर होऊन आत शिरलो.

मी खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. आमच्या आळीत एम.ए. झालेला पहिला मीच. गणित शिकवायचो. या सगळ्याच्या वर्षभर आधी नोकरीत कायम झालो, तेव्हा आयनं आख्ख्या आळीला पेढे वाटले. तिला कायम म्हणजे काय ते नीट समजून घ्यायचं होतं.

"म्हंजे आता तुला कोन काढू शकत नाय ना रं?"

"चौकशी केल्याशिवाय नाही."

"मग करू दे की चौकशी. आपन काय चोरी केलीय?"

मलाही तसंच वाटायचं. शिकलेला असून.

झालं होतं ते एवढंच. कॉलेजचं स्नेहसंमेलन. फी माफ असलेली पोरं होती आमच्याकडे, दांड्याची, मानखुर्दकडची, गरिबाघरची. प्रिन्सिपॉलसाहेबांचा हुकूम असा, की पाहुण्यांच्या उष्ट्या पत्रावळी या पोरांनी उचलायच्या. फुकट शिकतात ना, मग. बाकीची पोरं पाहुण्यांबरोबर पंगतीत. माझ्या वर्गातला एक हुशार पोरगा हातावर खरकटं ओघळत असताना माझ्या समोरून गेला आणि मला राहवेना. मी म्हटलं, "ठेव ते खाली. सगळे ठेवा. बसा जेवायला." आवाज जरा चढला असेल. पाहुण्यांनी माना वळवल्या. पोरं बसली. प्रिन्सिपॉलसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

त्याच पंगतीत चेअरमनसाहेब माझ्याजवळ आले होते. वाटलं, आता हे झापणार. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या दांड्याचे सरंगे म्हणजे काय विचारता. कधी खिलवा की हो आम्हाला." सरंगे म्हणजे तुमचे पापलेट. त्यांनी स्वतः तोंडानं मागितले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग काही दिवसांनी शिपाई निरोप घेऊन आला. रविवारी सकाळी चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर या. काय काम? "काम नाय, घरगुती गप्पा आहेत म्हणाले."

मी आयला सांगितलं. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कोनाच्या घरात जात नाय रं आपन." आमच्यात ती रीतच आहे. आणि ज्यानं मागितलंय त्याच्या दारात मोकळे हात घेऊन जाणं म्हणजे आमच्यात शिवी. पहाटे होडी लागली तशी आय स्वतः किनाऱ्यावर गेली. सरंगे निवडून घेतले, एकसारखे, ताजे. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. टोपली माझ्या हातात देताना म्हणाली, "आपल्या हातचं खाल्लेला मानूस आपल्या वायटावर नसतो." तिचा विश्वास होता तसा. आमच्यात सगळ्यांचाच असतो.

दिवाणखान्यात प्रिन्सिपॉलसाहेब बसलेले. शेजारी संस्थेचे वकील, मांडीवर कागद. मध्ये चेअरमनसाहेब येऊन बसले. माझी खुर्ची त्यांच्या समोर, एकटी. बसलो आणि विचारलं.

"साहेब, ही चौकशी आहे का?"

"छे हो. गप्पा."

वकील लिहायला लागले होते.

"माझ्यावर आरोप काय आहे?"

"ते तुम्हालाच ठाऊक असेल," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. म्हणजे तक्रार करणारे तेच, आणि निकाल द्यायला बसलेलेही तेच. मी म्हटलं, त्या पोरांना बोलवा, त्यांना विचारा काय झालं ते. वकील म्हणाले, पोरांना कशाला मध्ये आणता, शिक्षक ना तुम्ही? मी म्हटलं, मला लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो. चेअरमनसाहेब म्हणाले, "घरच्या घरात काय लेखी?"

तेवढ्यात आतून वास आला. तव्यावर सरंगे पडले होते.

माझ्या आयचे सरंगे. वकिलांचा हात थांबला, त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि पुन्हा लिहायला लागले. मी बोलत होतो, माझ्या नोकरीचं बोलत होतो, आणि त्या तिघांचं लक्ष स्वयंपाकघराकडे. मला माझं बोलणं सुचेना. तिथेच मी हरलो. बडबड करत राहिलो, पण कोणासाठी बडबडतोय तेच कळेना.

"ठीक आहे," चेअरमनसाहेब म्हणाले. मग त्या दोघांकडे वळून, "तुम्ही जेवूनच जा आता." आणि मला, "तुम्हाला निघायला हरकत नाही."

झाडातून टोपली काढली आणि स्टेशनची वाट धरली.

घरी आय वाट बघत होती. "आवडलं काय त्यांना?" मी म्हटलं, आवडले. "मग झालं," ती म्हणाली आणि निश्चिंत झाली. तिला काय सांगणार होतो?

महिनाभरात प्रिन्सिपॉलसाहेबांनी ऑफिसात बोलावून चौकशीचा निकाल वाचून दाखवला. पत्रावळींचं नाव नव्हतं. पोरांचं नाव नव्हतं. 'बेशिस्त' एवढा एक शब्द होता, आणि मग खालचा खरा आरोप: चौकशी चालू असताना समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे चेअरमनसाहेबांना, मासळी देऊन वश करण्याचा प्रयत्न केला. सबब नोकरीवरून दूर करण्यात यावे.

ज्या चौकशीला गप्पा म्हणाले, तिच्यात मी लाच दिली म्हणे.

वाचून झाल्यावर आवाज मऊ केला त्यांनी. "हे बघा, तुम्ही हुशार आहात. राजीनामा द्या. यातलं काही बाहेर जाणार नाही. चांगला दाखला देतो."

मी पेनचं टोपण काढलंही. सही केली असती तर सुटलो असतो, खोटं कशाला बोलू. मग एकाएकी तो वास आठवला.

"साहेब, ते सरंगे कोणी खाल्ले?"

"काय?"

"लाच होती ना ती? मग परत का नाही केली? कोणी खाल्ली? तुम्हीही होता जेवायला."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. म्हणाले, "तो प्रश्न चौकशीच्या कक्षेत येत नाही."

"मग राजीनामा मिळणार नाही. काढा मला. तुमच्या हातानं काढा."

काढलं. मी विद्यापीठात खेटे घातले. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, संस्थेनं चौकशी केली आहे ना, मग नियम पाळला गेला. चौकशी कशी केली हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. स्टाफरूममधला एकही सोबती माझ्या बाजूनं बोलला नाही. एकजण दांड्यापर्यंत आला होता भेटायला, पण घरात आला नाही, रस्त्यावर उभ्या उभ्याच म्हणाला, "वाट लागली रे तुझी." पुढच्या संमेलनात पत्रावळी पुन्हा त्याच पोरांनी उचलल्या.

आयला शेवटी सांगावंच लागलं. टोपली खुंटीवर होती, तिकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "माज्यामुलं गेली रं तुजी नोकरी."

"नाही गं आये."

तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. त्या दिवसापासून तिनं कोणाच्या घरी वानवळा पाठवलेला नाही. माझी नोकरी गेली त्याचं एक दुःख, पण तिच्या हातातलं देणं काढून घेतलं त्यांनी, ते मी विसरणार नाही.

आता शाळांमधून अर्ज करतो. घाटकोपरला करून झाला, बोरीवलीला झाला. सगळे विचारतात, आधीची नोकरी का सोडली? हितचिंतक सांगतात, अरे, सांग प्रकृतीमुळे सोडली, कोण बघायला जातंय. दोन ठिकाणी माझं खरं उत्तर ऐकून त्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. घरात चूल आयच्या मासळीच्या पाटीवर चालते.

सोमवारी मुलुंडच्या शाळेत मुलाखत आहे. तिथेही विचारतील. मी सांगणार, सोडली नाही. काढलं. का काढलं तेही सांगणार, पंगतीपासून सांगणार. आणि ऐकून घेणार असतील तर सरंगे कोणी खाल्ले त्यांची नावं घेऊन सांगणार.