टिनवाले मिस्त्री आणि आईची ओसरी

कामाला आलेला माणूस आधी टेप काढतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. टिनवाले मिस्त्री आधी खुर्ची मागत. आमच्या दारव्ह्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ओसरीत कोन बसते जी?" मी म्हटलं, "आई बसते, पण तुम्ही आधी माप घ्या." ते हसले. "माप काय, पयून नाही जात ताई. आधी बसून पाह्यतो." आणि आईच्या खुर्चीत बसले. पाच मिनिटं नव्हे, चांगले संध्याकाळपर्यंत! मध्ये दोनदा चहा, एकदा भाकरी, आणि दर तासाला उठून उन्हाच्या कडेनं फरशीवर खडूची रेघ. मी ऑफिसातून दिवसाची सुटी घेतली होती ती काय या गृहस्थाचं बसणं बघायला, म्हणून मनातल्या मनात चरफडत होते.

घाई मला होती आणि तिला कारण होतं. आईचे डोळे चालले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला ऑपरेशन नाही, भरपूर उजेडात जोवर दिसेल तोवर वाचू द्या. आई चाळिशीत वाचायला शिकली. आमच्या वस्तीतल्या विहारात बायांचा वर्ग चालायचा, तिथं ती फक्त सही शिकायला गेली होती. तेव्हापासून रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा, अगदी निविदांच्या जाहिरातींसकट, हा तिचा नेम. आता खोलीत तिला अक्षरं सापडत नव्हती, बल्बचा उजेड टोचायचा, आणि अंगणातल्या उन्हात सगळा कागदच पांढरा व्हायचा. उरली ओसरी. पण तिच्यावरचं जुनं टिन इतकं खाली आणि काळं होतं की भर सकाळी तिथं संध्याकाळ असे. "अक्षर गेलं त मी पुन्हा अंगठाबहाद्दर," आई म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे.

म्हणून आरपार दिसणारी पॉलिकार्बोनेटची शीटं टाकायची, असं मी ठरवलं. गल्लीनं मला वेड्यात काढलं. आपल्याकडचा उन्हाळा आणि वरून काचेसारखं छप्पर, म्हातारीला भाजून काढते का, असं तोंडावर विचारणारेही भेटले. मिस्त्री मात्र त्या दिवशी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "होते. टिन आहे त्याच्यापेक्षा दीड हात वर नेऊ, तापलेली हवा निंगून जाईन. खाली तारेवर हिरवी नेट टाकू, पडद्यावानी. दहा वाजले की मायनं बसल्या जागी दोरी ओढाची." मग आईचा हात धरून तो कुठवर पोचतो ते पाहिलं आणि भिंतीवर खूण केली. त्या दिवसाचं एकमेव माप हेच.

आता माझा पराक्रम सांगते. सहा शीटं गाडीतून उतरली, दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार होते. मला धीर कुठला! आईला दाखवायचं म्हणून मी सहाही शीटांचे कागद सोलून काढले, चुरगाळून घंटागाडीत टाकले आणि शीटं कापडानं पुसून भिंतीला लावली. आई हात फिरवत म्हणाली, "बाई गं, पान्यासारखं हाये."

सकाळी मिस्त्री आले आणि दारातच थबकले. रागावले नाहीत. एका शीटावर हलकी टिचकी मारून म्हणाले, "ताई, हे मुकं झालं."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. या शीटाच्या एकाच बाजूला ऊन सोसणारा लेप असतो. ती बाजू कोणती, ते त्या कागदावर छापलेलं असतं आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच. उलटं बसलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडून तडकतं. "अन् मायपाशी उन्हाळे मोजकेच हायेत, उजेडाचे," ते हळूच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, नवी मागवू. "थांबा न जी," म्हणाले, आणि सायकल काढून बाजाराकडे गेले.

परत आले ते एका कापड दुकानातून खोट्या नोटा ओळखायचा छोटा निळा दिवा मागून घेऊन. अंधार करायला आईची जाड गोधडी मागितली. भर दुपारी, ओसरीत, गोधडीखाली मी, मिस्त्री, एक शीट आणि तो दिवा! घामानं जीव जात होता आणि गल्लीतली बाई कुंपणावरून "काय चालू हाये?" असं विचारत होती. मिस्त्रींनी दिवा एका बाजूला धरला, काही नाही. शीट उलटलं, पुन्हा धरला, आणि लेपाची बाजू फिकट निळी उजळली. "बोललं," मिस्त्री म्हणाले आणि कडेला खडूनं फुली मारली. अशी सहाही शीटं बोलती केली.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"चुकीनं. गावाले, बोरी अरबले, माह्याच घरी उलटं बसोलं होतं म्या. पिवयं पडलं. बायको म्हने, दुनियेले छप्पर देता अन् घरात कावीळ. मंग नागपूरले जाऊन कंपनीच्या मानसाले धरलं, त्यानं सांगितलं." त्यांच्या सांगण्यात बढाईचा लवलेश नव्हता. मी आजवर पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण स्वतःच्या चुकीपाठी नागपूरपर्यंत जाणारा हा एकच.

काम करतानाही त्यांची भाषा माणसांशी बोलावी तशी. स्क्रूपेक्षा भोक मोठं पाडत. "उन्हात हे अंग पसरते, त्याले जागा लागते." खालचे लोखंडी पाइप वरच्या अंगानं पांढरे रंगवले, ते तापून शीटाला चटका देऊ नयेत म्हणून. मी स्क्रू पिळायला गेले तर पाना काढून घेतला. "आवयू नका, बसू द्या." तिसऱ्या दिवशी सकाळी आईला खुर्चीत बसवलं आणि समोर पेपर धरला. तिनं पहिली ओळ वाचली, मग दुसरी, आणि मिस्त्री शिडीवरून न उतरता ऐकत राहिले. पान संपेपर्यंत. मी आत जाऊन रडले, हे सांगायला मला लाज नाही.

पुढं दर फाल्गुनात ते न बोलावता यायचे, शीटं धुवायचे, चहा प्यायचे, आईचं वाचन ऐकायचे. आईचा वेग कमी होत गेला. आधी पानं, मग बातम्या, मग नुसते मथळे. शीटं मात्र पाण्यासारखीच राहिली.

पाचव्या फाल्गुनात मिस्त्री आले नाहीत. फोन केला, लागला नाही. कामात असतील म्हणून मी सोडून दिलं. एका सकाळी मी डबा भरत होते, आणि ओसरीतून आईचा आवाज येत होता. मथळ्यांपुरता असायचा, तो आज लांबला होता. "का-ल-क-थि-त... सुदाम तुळशीराम... बोरी अरब... टिनवाले मिस्त्री या नावानं..." आणि आवाज थांबला.

गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागणारा तो शब्द ऐकून मी पळत बाहेर आले. पेपरातला बोटभर फोटो मला ओळखू आला, तिला तो दिसत नव्हता. मी पेपर घ्यायला हात पुढं केला. तिनं तो छातीशी ओढला. "तू नको. मीच वाचतो."

आणि तिनं वाचलं. अक्षराला अक्षर लावत, बोट सरकवत, मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं, शोकसभेची वेळ, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. त्याला पाऊण तास लागला असेल. दहा वाजून गेले, ऊन चढलं, तरी तिनं दोरी ओढली नाही.

मग पेपर मांडीवर ठेवून म्हणाली, "सुदाम नाव होतं त्यायचं. पाच वर्सं घरी आले, आपुन कधी इचारलंच नाही."