ठाकुर्लीच्या दवाखान्यातल्या काकू

ठाकुर्लीला प्राण्यांच्या दवाखान्यात त्या काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर म्हातारी मांजर, आणि बोलताना तिच्या कानामागे फिरणारं बोट. माझ्याकडे लेकीचा हॅमस्टर होता. तो एकाएकी पिंजराभर मुतायला लागला होता आणि त्याला मधुमेह झालाय, या धास्तीने लेक सारखी रडत होती.

"पिंजरा धुतं कोण?" काकूंनी विचारलं.

"आई. गावाहून आल्यापासून रोज सकाळी गोठ्यासारखा धुते, फिनेल घालून."

काकू हसल्या. "अहो, मग तो बिचारा रोज परक्या घरात उठतो. त्याच्या वासाचा थोडा भुसा कोपऱ्यात राहू द्या. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका हं, लघवी तपासून घ्याच. आणि आईंना रागावू नका."

तपासणीत साखर निघाली नाही. डॉक्टरांनीही फिनेल बंद करायला सांगितलं. घरी आईशी बोलताना मी चाचरत होतो.

"आधी सांगायचंस की रे," ती म्हणाली. "आपल्या म्हशीलासुद्धा दुसऱ्याच्या दावणीला चैन पडायचं नाही."

आईला रागावू नका, हे काकूंनी न विचारता सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हल्ली आई तो कोपरा सोडून पिंजरा पुसते, आणि लेक शेजारी बसून म्हणत राहते, "आजी, तिथे नको."