घाटाआधी

दुपारची जेवणं उरकलीत. साखरप्याच्या घरात रेवती खुर्चीतच मान टेकते. तासाभरात सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यायचंय. गाडी नवऱ्याची, विद्याधरची, ऑटोमॅटिक. तो वारल्यापासून तीच चालवते. पण आज सकाळी हायवेला लागताना ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी जागची हलेना. मागून ट्रक अंगावर आला होता. कशीबशी निसटली. सासूबाईंना तिने यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही.

पंख्याची घरघर लांब लांब जाते.

ओट्यापाशी विद्याधर पाठमोरा उभा आहे. तो या जगात नाही हे तिला ठाऊक आहे, तरी तोंडून निघतं, "जेवलात?"

"आईला घेऊन निघालीस?" तो वळत नाही.

"नंतर नीट चालली हो गाडी."

"सपाटीला. चढावर बघ."

ओट्याच्या जागी स्टिअरिंग आहे. घाटाचं वळण. ती अनवाणी बसली आहे, शेजारी तो, मागे सासूबाई पेंगताहेत. ती ॲक्सिलरेटर दाबते. इंजिन किंचाळतं, गाडी थबकते, आणि मागे सरकू लागते.

"अहो, गिअर पडत नाहीये!"

"गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंस?"

"दिवाळीत बदललं की!"

"ते इंजिनचं. हे वेगळं असतं, लाल." तो बोट तिच्या नाकाशी धरतो. बोटावरचं ऑइल काळं आहे, करपलेल्या दुधासारखा वास. "जळलंय. आतल्या प्लेटा घसरताहेत. रेटू नकोस, आणखी जळेल."

"मला कधी सांगितलंत का नाही?"

"सांगणार होतो," तो हळूच म्हणतो. "राहून गेलं."

मागे दरी. दगड घरंगळल्याचा आवाज.

"ब्रेक, रेवती! सगळा भार दे!"

ती जीव खाऊन पाय रोवते. गाडी थांबते. ती वळून बघते, तर शेजारची सीट रिकामी.

"निघायचं ना गं?" दारात सासूबाई पिशवी घेऊन उभ्या आहेत. खिडकीत ऊन आहे.

"आई, आपली गाडी घाटात न्यायची नाही," रेवती म्हणते. "गिअरबॉक्स खराब झालाय. मी भाड्याची गाडी बोलावते."

"कोण म्हणालं?"

रेवती फोन आणायला उठते आणि कळवळून पुन्हा बसते. उजवा पाय मांडीवर घेऊन बघते. सकाळी तर तिने चपला घालून गाडी चालवली होती. तळपायावर ब्रेकच्या रबराच्या आडव्या रेघा उमटल्यात, लालभडक, खोल.