न ढकलता पांढुर्ण्यापर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही नागपूरच्या घरासमोरून निघालो आणि गल्लीत कुणाला पत्ताही लागला नाही. रमा, निखिल, तुम्ही इतके दूर राहता की यात विशेष काय, हे तुम्हाला आधी सांगायला हवं.

आमची जुनी काळी गाडी निघायची तेव्हा सगळी गल्ली जागी व्हायची. ती आपणहून क्वचितच सुरू झाली. तुमचे आजोबा कोट काढून फाटकावर टाकत, बाह्या सरसावत आणि मागे जाऊन उभे राहत. त्यांच्या एका बाजूला दूधवाला, दुसऱ्या बाजूला शेजारचे दंतवैद्य. "एक, दोन, तीन!" असा आजोबांचा आवाज आला की गाडी हलायची. मग "सोड!" म्हटलं की मी क्लच सोडायचा. मी गाडी चालवायला शिकले ती अशी. कुणीतरी पुढे बसायला हवं होतं, आणि ढकलण्याचं काम आजोबांनी दुसऱ्या कुणाला देणं शक्य नव्हतं. अठरा वर्षं आमचा संसार आणि आमची गाडी याच पद्धतीने चालली.

गेल्या महिन्यात गाडीच्या प्रतीक्षायादीत आमचा नंबर लागला आणि छोटी पांढरी जपानी गाडी दारात आली. तशी ती आपल्याच देशात जोडलेली, पण इंजिन आणि अक्कल जपानची. अर्ज मी आजोबांना न विचारता भरला होता. आजोबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ही गाडी आहे की गाडीचं पिल्लू?" मग कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की ही कंपनी ज्याने काढली तो गृहस्थ मुळात कापड विणायचे माग बनवायचा. झालं! "माग करणारा माणूस गाडी करतो! उद्या उखळ-मुसळवाला विमान करेल." मी म्हटलं, माग केले, मग दुचाकी केल्या, मग मोटारी केल्या, माणूस पायरीपायरीने चढतो. पण आजोबा निवृत्त दिवाणी न्यायाधीश. त्यांना पुरावा लागतो.

शेवटी त्यांनी अट घातली. पांढुर्ण्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्कांकडे, जायचं आणि परत यायचं. वाटेत एकदाही कुणी गाडी ढकलली, तर ती दंतवैद्यांना देऊन टाकायची. दंतवैद्यांचा नंबर अजून लागला नव्हता आणि ते रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून आमच्या गाडीकडे असं पाहायचे, जसं ते लोकांच्या दाढांकडे पाहतात.

मी अट मान्य केली, पण गाडी मला गमवायची नव्हती. तुम्हाला खरं सांगते, ही गाडी आल्यापासून मी चार वेळा एकटी वाचनालयात गेले होते. कुणाची वाट पाहायची नाही, कुणाला हाक मारायची नाही. किल्ली फिरवायची आणि निघायचं. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात हे सुख नवं होतं.

सावनेरच्या पुढे ऊन वर आलं. डिसेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग. कापसाच्या बैलगाड्या इतक्या फुगलेल्या होत्या की मागून बैल दिसायचेच नाहीत. जणू ढगच चालले आहेत. आजोबा मात्र बाहेर पाहत नव्हते. ते कान देऊन बसले होते.

"आवाज का येत नाही?"

"नाहीच येत."

"म्हणजे काहीतरी बिघडलंय."

सौंसर ओलांडून आम्ही जामसांवलीला थांबलो. इथे पिंपळाखाली हनुमान चक्क आडवे पहुडले आहेत. नवी गाडी घेतली की या भागातले लोक तिला आधी यांच्या पायाशी आणतात. शनिवार असल्याने गर्दी होती. मैदानात ठिकठिकाणी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) शिजत होते आणि धुराने डोळे झोंबत होते. एका कुटुंबाने आम्हाला आग्रहाने बसवून घेतलं. रोडगा फोडून त्यात तूप, वर वरण, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. आजोबांनी तीन खाल्ले.

पुजाऱ्यांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, "आता चालू करा बाई."

"चालूच आहे," मी म्हटलं.

पुजाऱ्यांनी बॉनेटला कान लावला. "काहीच आवाज नाही येऊन राहिला जी."

त्याबरोबर चार माणसं मुकाट्याने गाडीच्या मागे गेली. इथली ही रीतच आहे. जीप असो, ट्रॅक्टर असो, वऱ्हाडाची मोटार असो, उभी दिसली की लोक हात लावतात. विचारतसुद्धा नाहीत, जसं दारात आलेल्याला पाणी देताना आपण विचारत नाही. मी दार उघडून धावले आणि गाडीच्या पाठीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"ढकलायची नाही!"

"अवो बाई, लाजता कायले?" एक फेटेवाला म्हणाला. "आमच्या पाटलाची जीप बी रोज धक्क्यानंच जाते."

मी आत जाऊन हॉर्न वाजवून दाखवला.

"हॉर्न त बॅटरीवर वाजते जी," दुसरा म्हणाला. "इंजिन दाखवा."

शेवटी एक म्हातारी पुढे आली. ती खाली वाकली आणि तिने मागच्या धुराच्या नळीसमोर तळहात धरला, जसा आपण आजाऱ्याच्या नाकाशी धरतो. मग तिने ओरडून सांगितलं, "गरम हाय रे! जित्ती हाय!"

लोक हसले, बाजूला झाले, लिंबं चिरडली गेली आणि आम्ही निघालो. आजोबा चौथा रोडगा पानात बांधून आणत होते. एवढंच म्हणाले, "थोडक्यात वाचलीस."

पांढुर्ण्याला पोचेपर्यंत साडेअकरा झाले होते. अक्का ओट्यावर वाट पाहत होत्या. त्या सत्तरीच्या, देहाने भरभक्कम, आणि जगात आजोबा ज्यांना घाबरतात अशा एकट्याच. त्यांचा मुलगा गुणवंत कापूस आणि संत्र्याची शेती करतो. ज्वारीची भाकरी, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. आजोबांनी भाचा आपल्या बाजूने वळेल या आशेने मागाची गोष्ट सांगितली.

गुणवंत भाकरी हातात धरून थांबला. "काय सांगता मामा! मंग त हे आपल्याच लाईनीतलं मानूस झालं. आपन कापूस पिकवतो, त्यानं माग केले."

"आमच्या कापसाच्या जिवावर मोटार केली म्हन की," अक्का म्हणाल्या. "अन् तू तिले नावं ठेवून राहिला?"

आजोबांनी ठेचा वाढून घेतला.

दुपारी अक्कांना नव्या गाडीतून तिगावच्या बाजूची संत्र्यांची बाग पाहायला जायचं होतं. त्या पुढे बसल्या आणि गाडी डावीकडे झुकली. आजोबा मागे. गुणवंत सायकलवर पुढे. बागेतली वाट अरुंद, आणि कडेने पाट (झाडांना पाणी देण्याची चर) वाहत होता. अक्का "ते पाहा, ते पाहा कसं लदलं हाय झाड!" म्हणाल्या, मी पाहिलं, आणि डावं चाक पाटात गेलं.

मी पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. चाक चिखलात जागच्या जागी फिरत होतं. आजोबा मागच्या सीटवर घसा खाकरले. त्या खाकरण्यात मला दंतवैद्य दिसले.

"काही नाही मामी," गुणवंत म्हणाला आणि त्याने संत्री तोडणाऱ्यांना हाक मारली. चौघेजण शिड्यांवरून उतरले. त्यांनी गाडीचे चार कोपरे धरले, एकमेकांकडे पाहिलं आणि अक्कांसकट, आजोबांसकट, माझ्यासकट ती वर उचलली. अधांतरी अर्धा फेरा झाला. मग ती वाटेवर ठेवली. तोंड घराकडे.

"वळवाचीच होती ना मामी?" गुणवंतने विचारलं.

आजोबा खाली उतरले आणि त्यांनी तिथल्या तिथे चौकशी सुरू केली. "गाडी ढकलली की नाही?"

"ढकलली कुठं मामा? उचलली."

"ढकलाले जागा तरी होती का जी?" टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली.

आजोबांनी आत बसलेल्या अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी खिडकीतून निकाल दिला. "मी आतच होती. पुढं नाही गेली, मागं नाही गेली. वर गेली अन् खाली आली. आता बस मुकाट्यानं."

आजोबा मुकाट्याने बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. मागच्या सीटवर संत्र्यांची दोन पोती, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि तुरीच्या शेंगा. सगळा रस्ता सुरळीत गेला. चार वाजता सौंसरच्या बाजारात आजोबांना चहा हवा होता. मी गाडीतच बसले. फक्त नागपूरच उरलं होतं, आणि माझ्या मनात मंगळवारी वाचनालयातून कोणतं पुस्तक आणायचं याचा विचार सुरू झाला होता.

चहाच्या टपरीवर आजोबांना श्रोते मिळाले: एक ट्रकवाला, दोन कापसाचे व्यापारी आणि स्वतः चहावाला. आजोबा त्यांना काळ्या गाडीच्या गोष्टी सांगत होते. एकदा पावसात पूल चढताना त्यांनी ती एकट्याने कशी वर नेली, एकदा लग्नाच्या मुहूर्ताला नवरदेवाला कसं वेळेवर पोचवलं. हातवारे चालले होते, चहा सांडत होता. महिनाभरात त्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता.

उशीर होत होता म्हणून मी इंजिन सुरू केलं आणि हॉर्न वाजवला. समोरून कापसाची बैलगाडी आडवी जात होती, त्यामुळे गिअर टाकून, क्लच आणि ब्रेक दाबून थांबले.

"सायेब, बाईची गाडी बंद पडली वाटते," चहावाला म्हणाला.

एवढं पुरे झालं. गाडीच्या मागे धपकन हात पडले. मी आरशात पाहिलं. दोन व्यापारी, ट्रकवाला, चहावाला, आणि मधोमध, बाह्या सरसावलेले, टोपी मागे सरकलेले, आपले आजोबा!

"अहो!" मी ओरडले.

"एक, दोन, तीन!" मागून उत्तर आलं.

मी ब्रेक घट्ट दाबून धरला. ते जोर लावत होते, गाडी कण्हत होती. बैलगाडी पुढून सरकली, आणि मागून तो आवाज आला, "सोड!"

आता काय सांगू? अठरा वर्षांची सवय. तो शब्द कानावर पडला की माझा पाय मला विचारत नाही. मी सोडलं. गाडी ससाण्यासारखी सुटली आणि मागचे पाचजण हवेला धक्का देत राहिले. एक व्यापारी मटकन खाली बसला. चहावाला ट्रकवाल्याच्या गळ्यात पडला. आजोबा संत्र्यांच्या पेट्यांत घालायच्या गवताच्या ढिगात तोंडावर गेले.

मी गाडी मागे आणली. आजोबा उठून उभे राहत होते. मिशांत गवत, गुडघ्याला माती, आणि चेहऱ्यावर विजय.

"सुरू झाली! पाहिलंस? सुरू झाली!"

"सायेब," ट्रकवाला पायजमा झटकत म्हणाला, "ते त पयलेच चालू होती. माह्या पायाले गरम वाफ लागून राहिली होती ना."

आजोबांचा चेहरा हळूहळू उतरला. ते येऊन शेजारी बसले आणि त्यांनी दार अगदी सावकाश लावलं.

सौंसर मागे पडल्यावर मीच विषय काढला. अट मी मान्य केली होती आणि मला लबाडी जमत नाही. "गाडी ढकलली गेली," मी म्हटलं.

"ढकलली कुणी?"

"तुम्ही."

"मग या खटल्यात मी न्यायाधीश होऊ शकत नाही."

आजोबांनी पोत्यातून एक संत्रं काढलं, सोललं आणि मी गाडी चालवत असताना एकेक फोड माझ्या हातात देऊ लागले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या गाडीचं माझ्यावाचून अडायचं गं. हिचं कुणावाचूनच अडत नाही."

महिनाभर मी समजत होते की यांचं भांडण जपानशी आहे.

संध्याकाळी पावणेसातला घरी पोचलो. दंतवैद्य फाटकाशीच होते. आजोबांच्या गुडघ्याची माती पाहून त्यांचे डोळे चमकले. "ढकलावी लागली का?"

"ढकलली," आजोबा म्हणाले. "पण लागली नव्हती. गाडी आमच्याकडेच राहील."

दंतवैद्य इतके खट्टू झाले की मी त्यांना डझनभर संत्री दिली.

तर मुलांनो, पांढुर्णा आणि सौंसर पाहून मी एक गोष्ट शिकले. मदत ही गरज पाहून करायची असते असं आम्ही पुस्तकात वाचलं होतं. तिकडचे लोक ती आधी करतात आणि गरज होती का, ते नंतर पाहतात. माझ्या घरातही असा एक माणूस होता आणि मला ते उशिरा कळलं.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयात जाते. किल्ली फिरवते, इंजिन सुरू होतं, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून आरशात पाहत थांबते. मागे आजोबा कोट काढून फाटकावर टाकतात. दूधवाला येतो. दंतवैद्यही येतात, त्यांनाही करमत नाही. "एक, दोन, तीन! सोड!" मी सोडते. वळणावर पोचेपर्यंत मागून तिघांचं एकमेकांना सांगणं ऐकू येत असतं, "झाली, झाली, सुरू झाली!"