मेश्राम सरांची ओळख

मेश्राम सर रिकाम्या खुर्चीपुढे कमरेतून वाकायचे आणि आम्हालाही वाकायला लावायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट, नागपुरातल्या आमच्या वस्तीतला विहार, रविवारची सकाळ. "पाहुणा बसला आहे समजा. आता जपानीत त्याची ओळख करून द्या." सर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. विहारात काही वर्षं राहिलेल्या एका जपानी भिक्खूंकडून ते ही भाषा शिकले आणि आम्हा सहा जणांच्या मागे लागले.

त्यांचा एक हट्ट होता. "पाहुण्याले वर ठेवायचं, आपल्या माणसाले खाली. त्यांच्यात घरच्याची तारीफ पाहुण्यापुढं करत नसतात वं."

मग एक वृद्ध जपानी प्राध्यापक खरोखरच व्याख्यानाला येणार असं ठरलं, आणि त्यांची ओळख करून देणं माझ्या गळ्यात पडलं. सरांनी लिहून दिलेल्या मजकुराच्या शेवटी होतं : आमचे शिक्षक फार शिकलेले नाहीत, चुका पोटात घालाव्यात. मी भडकलेच.

"सर, हे मी नाही म्हणणार. आपल्याले लोकांनी काय कमी खाली बसवलं?"

"ते त्यांनी बसवलं. हे आपण आपल्या मर्जीनं करून राहिलो. म्हण तू."

म्हटलं. पाहुणे खूश झाले. पण विहार गच्च भरलेला, लोकांना ओ की ठो कळेना. म्हणून सरांनीच माझं भाषण मराठीत सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. माझे बाबा मिलमध्ये कामाला होते. ते ताडकन उठले.

"खोटं काहून बोलून राहिले, मास्तर? मले सही कराले कोणी शिकवलं? ह्या पोरीले मॅट्रिकपर्यंत कोणी आणलं?"

मागून आणखी चार-पाच जण उठले. सगळे एकदम बोलू लागले.

काय म्हणताहेत हे लोक, असं पाहुण्यांनी सरांना विचारलं. स्वतःची तारीफ सर कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी मीच पुढे झाले आणि बाबांचं बोलणं जपानीत सांगितलं. माझी वाक्यं मोडकीतोडकी होती. पाहुण्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, बाकीच्यांचंही सांगा.

एकेक जण बोलत गेला, मी सांगत गेले. सर घामाघूम. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुरे कर वं आता. पाहुणे ताटकळले."

मी ऐकलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत सगळं सांगितलं. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा शब्द मी तेवढा एकदाच मोडला, आणि मला त्याचं अजून बरं वाटतं.