ओझुरने टेकवलेली लादी

आइसलंडच्या त्या खाडीकाठच्या वस्तीत माणूस मेला की आधी ओझुरला बोलावणं जायचं, रडणारे पाहुणे नंतर. मेलेला माणूस ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने परत येतो, म्हणून प्रेत दारातून काढायचं नाही, असा तिथला रिवाज. ओझुर घराची मागची भिंत फोडायचा, प्रेत पायांकडून बाहेर काढायचा आणि अंधारायच्या आत गवताळ मातीच्या लाद्या ठोकून भिंत अशी बुजवायचा, की उंदराचीही पंचाईत व्हावी. "काका, रुसू नका, आत जागाच नाही हो," असं शेवटच्या लादीशी तो प्रेताला समजावायचाही.

त्याची बायको ग्रोआ कापड विणायच्या मागापाशी उभी राहून टोमणा मारायची, "अहो, मला काढाल तेव्हा विणकामावर माती सांडू नका. एवढं एक तरी नीट करा!"

थंडीच्या तोंडावर ग्रोआ गेली. ओझुरने त्या मागाच्या पाठची भिंत फोडली. माती सांडली नाही. पण बुजवताना शेवटची लादी त्याने ठोकली नाही, नुसती टेकवली. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

सकाळी मागावरचं कापड बोटभर वाढलेलं.

"बाबा, मी हातही लावला नाही," मुलगी आल्डिस म्हणाली. तिच्या कडेवर तान्हं पोर.

"मी विणलं."

"तुम्ही? सुईत दोरा ओवता येतो का तुम्हाला?"

मग रोजच, मोठं कुणी घरात नसलं की मागाचे धागे ताणून धरायला टांगलेले दगड टकटकायचे. ओझुरला तर बाहेरून तो आवाज ऐकून, ग्रोआ घरात असल्याच्या जुन्या सवयीने भूक लागायची. पण एका दुपारी आल्डिस पाणी घेऊन आली, तर पाळणा मागाच्या पाठच्या भिंतीशी, त्या सैल लादीजवळ सरकलेला आणि पोराचे ओठ निळे.

"बाबा, भिंत बुजवा. नाहीतर पोराला घेऊन मी या बर्फात चालू लागते."

ओझुरने बाहेरून ती लादी काढून हात आत घातला. थंडगार बोटांनी त्याचा अंगठा धरला. होडीत चढताना ग्रोआ धरायची, अगदी तसा.

"ये गं बाहेर," तो हळूच म्हणाला. "तू उचललंस की पोर गारठतं."

बोटं बराच वेळ सुटेनात. मग सुटली. त्याच्या खांद्याला गार काहीतरी घासून गेलं. त्याने लादी ठोकली. या वेळी थट्टा सुचली नाही.

मागावरून कापड उतरवलं, तर ते ओलंगार आणि नेमकं पाळण्याच्या मापाचं निघालं. आल्डिस त्या कापडाजवळही जाईना. मग ओझुरनेच ते गळ्याला गुंडाळलं. चुलीपाशी त्याने ते कितीदा तरी वाळत घातलं, पण ते कधीच वाळलं नाही.