मिट्टी कब उठेगी

सांगलीहून बाबांची बदली भोपाळच्या कारखान्यात झाली, तेव्हा मी पाचवीत होते. टाउनशिपमधल्या शेजारपाजारच्यांचं हिंदी मला निम्मंशिम्मं कळायचं. घरात मराठीच होती.

वर्षभरात बाबा आजारी पडले. पोटात कळ आली की इतके कण्हायचे, की धाकटा भाऊ कानांवर उशी दाबून बसायचा. आजारी पडायच्या आधी त्यांनी गुलाब लावायचे म्हणून ट्रॉलीभर माती मागवली होती. ती क्वार्टरच्या फाटकातच पडून होती. "बरा झालो की उचलतो," असं ते म्हणायचे. पुढे त्यांना टाउनशिपच्या दवाखान्यात हलवलं आणि आई तिकडेच राहू लागली.

एका दुपारी शाळेतून आले, तर आमच्या दारात माणसं उभी. शेजारच्या काकूंनी मला जवळ ओढलं. म्हणाल्या, "बेटा, पापा शांत हो गए."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे कळ थांबली! मी आत जाऊन भावाला सांगितलं, "बाबांचं दुखणं गेलं. आता कण्हत नाहीत." तो हसला.

बाहेर दोघं पुरुष बोलत होते. "मिट्टी कब उठेगी?"

"शाम से पहले उठ जाए तो अच्छा है."

मला शरमल्यासारखं झालं. त्या ढिगाऱ्याला वळसा घालून लोकांना यावं लागत होतं, आणि आता बाबाही घरी येणार. मी मोरीतलं घमेलं आणलं आणि हातांनीच माती भरू लागले. दोन-तीन घमेली कुंपणापाशी नेऊन ओतली. त्या दोघांतले एक काका पुढे आले. त्यांनी माझे मातीचे हात धरले. "छोड़ दे बेटा, छोड़ दे," म्हणत ते रडायलाच लागले. का, ते मला कळेना. तेवढ्यात दवाखान्याची गाडी आली.

आई उतरली. भाऊ धावत जाऊन तिला म्हणाला, "बाबांना बरं वाटलं ना?" आईने माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसून त्याला म्हणाली, "बाबा मेले. आता ते बोलणार नाहीत, उठणार नाहीत." बायका म्हणाल्या, लेकराला असं कुणी सांगतं का? आईने आम्हा दोघांना हाताला धरून आत नेलं.

दहावीला हिंदीत शब्दशक्ती आल्या. सरळ अर्थ जिथे अडतो, तिथे दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा, असं बाईंनी सांगितलं. उदाहरण दिलं, "वह लड़का गधा है." वर्ग हसला. "और कोई उदाहरण?" बाईंनी विचारलं. मला एक येत होतं, मिट्टी म्हणजे माती नव्हे, प्रेत. मी हात वर केला नाही.

तोवर क्वार्टर सुटून आम्ही अशोका गार्डन वस्तीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांच्या जागी आईला कारखान्याच्या भांडारात कारकुनी मिळाली होती. त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "आज काय शिकवलं?"

मी लक्षणा सांगितली, गाढवाचं उदाहरण देऊन.

"कठीण आहे का गं?"

"नाही. मला लगेच कळलं."

तिने पोळी उलटली आणि भावाला ताटं घ्यायला सांगितलं.